न धुतलेली बोट

तळ्यातलं गवत काढणं हा माझा धंदा आहे आणि या धंद्यात एकच नियम जिवापाड पाळायचा असतो. एका तळ्यातून बोट बाहेर काढली की ती धुवायची, कापायच्या पात्यांत अडकलेलं गवत वेचायचं आणि चार-पाच दिवस उन्हात ठेवून कोरडी ठणठणीत करायची. मगच दुसऱ्या तळ्यात उतरवायची. कारण या गवताला बी लागत नाही. करंगळीएवढा तुकडा पडला तरी तो मुळं धरतो आणि एका उन्हाळ्यात तळं गिळून टाकतो. हे मी वीस वर्षं लोकांना ऐकवत आलोय. माझ्याकडची माणसं तर माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात.

गेल्या वर्षी एकदा मीच तो नियम पाळला नाही. टेकडीमागच्या तळ्याचं काम लांबलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या वसाहतीतल्या तळ्यावर शेवाळ काढायला जायचं होतं. पाठ मोडली होती. म्हटलं, एकदा नाही धुतली तर काय आभाळ कोसळणार आहे? सकाळी बोट तशीच गाडीवर चढवली. पात्यांतून हिरवं काहीतरी लोंबत होतं, ते मी पाहिलंसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात वसाहतीचं तळं गवताने गच्च भरलं. पोहणाऱ्यांचे पाय अडकायला लागले, मुलांना पाण्यात उतरायची बंदी झाली. रहिवाशांची बैठक बसली आणि तज्ज्ञ म्हणून मला बोलावलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "पण हे आलं कुठून?"

चोराच्या मनात चांदणं. मी लगेच म्हणालो, "असं बरेचदा घरातल्या माशांच्या टाकीतून येतं. कुणीतरी टाकी तळ्यात रिकामी केली असणार."

कुणीतरी! दोनशे घरं आहेत, कोण शोधत बसणार, असा माझा हिशेब.

मागच्या रांगेतून माझे सासरे उभे राहिले. "मी केली," ते म्हणाले. "ही गेल्यावर तिची टाकी मला सांभाळता येईना. मासे मरताना बघवेना, म्हणून झाडांसकट तळ्यात सोडले. चुकलं माझं."

ती टाकी मी शंभरदा पाहिली होती, त्यांच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी. रुंद पानांची दोन झाडं होती, तळ्यात आठवडाभरही टिकली नसती. तळ्यातलं गवत सुईसारख्या पानांचं होतं, टेकडीमागचं. ते मी डोळे मिटून नुसत्या हाताने ओळखीन. हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो.

मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी. तळ्याला लोक 'आजोबांची बाग' म्हणायला लागले. कुणीतरी त्यांच्या दाराच्या कडीला ओल्या गवताची जुडी बांधून गेलं. माझी बायको फोनवर त्यांना बोलली, "बाबा, तुम्हाला एवढं कळू नये? याच्या कामाचं नाव खराब झालं असतं ना!" मी समोर जेवत होतो. "जाऊ दे गं," मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं." तिने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं की घास गिळवेना. तरी गिळला.

सासरे रोज सकाळी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दाताळं घेऊन हजर. गुडघे दुखरे, पण ऐकतील तर शपथ.

"बाबा, ओढू नका. तुकडे होऊन आणखी पसरतं."

"मग मला दुसरं काहीतरी काम द्या, जावईबापू. घाण मी केली आणि उपसताय तुम्ही."

मी त्यांना एक जाळी दिली. मी कापत जायचो आणि ते मागून तरंगणारे तुकडे गोळा करायचे. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस कमरेत वाकून माझं पाप वेचत होता आणि मी त्याला 'सावकाश हं' म्हणत होतो.

अकरा वर्षं दर रविवारी ते एक पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडायचे आणि ती किती खोलवर दिसते ते वहीत लिहायचे. त्यावरून पाणी किती स्वच्छ आहे ते कळतं. सासूबाई गेल्यावर आठवड्यात त्यांना एवढंच एक काम उरलं होतं. दुसऱ्या बैठकीत ते काम त्यांच्याकडून काढून घ्यायचा ठराव यायचा होता.

तेव्हा मात्र मी ठरवलं. बास झालं. गाडीत मोठ्याने तालीम केली : "गवत माझ्या बोटीवरून आलं. मी बोट धुतली नव्हती." बैठकीत उभा राहिलो. साठ-सत्तर चेहरे, त्यांतल्या निम्म्यांनी मला दुसरीकडची कामं मिळवून दिलेली. आणि माझ्या तोंडून निघालं, "कदाचित... ते माझ्या बोटीवरूनही आलं असेल."

कदाचित! टेकडीमागे जाऊन बघा, पान न् पान तेच आहे, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी खाली बसलो.

मग अध्यक्षबाई हसल्या. "जावई असावा तर असा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझा हात घट्ट धरला. त्यानंतर ठराव एकमताने मंजूर झाला. ती वही आणि थाळी आता तज्ज्ञाकडेच असू दे, असं ठरलं. तज्ज्ञ म्हणजे मी. सासऱ्यांनी स्वतः उठून त्या माझ्या हातात दिल्या आणि मी घेतल्या.

बाहेर गाडीपाशी ते थांबले. बायको पुढे गेली होती.

"खोटं बोलायला नको होतं, जावईबापू," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "सगळ्यांसमोर माझा दोष स्वतःच्या अंगावर घेतलात. पोटच्या पोरानेसुद्धा केलं नसतं."

आता फक्त ते आणि मी होतो. टाळ्या नाहीत, चेहरे नाहीत. सांगायला काहीच अडचण नव्हती. पण खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. इतकं चांगलं माझ्याबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"असं काय बोलता, बाबा," मी म्हणालो, "मी काय परका आहे का?"