वल्ह्याचा ठेका

विनोदिनीबाईंच्या मनात वर्षभर एक होडी अर्ध्या नदीत अडकून पडली होती.

त्याचं असं झालं. रायपुरात तात्यापाऱ्याच्या एका गल्लीत दत्ताचं लहानसं देऊळ आहे. दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी तिथे वर्ध्याचे भार्गवबुवा कीर्तनाला उभे राहतात. मागच्या साली उत्तररंगात त्यांनी एका नावाडणीची कथा लावली. नदीला पूर, होडीत एक म्हातारा फकीर (तो खरा कोण, हे बायकांनी केव्हाच ओळखलं होतं), आणि पलीकडच्या काठावर नावाडणीचं तान्हं लेकरू एकटं. होडी मधोमध आली आणि सात वाजले.

सात वाजले की हिरालाल भैया आरतीचं यंत्र चालू करतात. गोल बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान. देवळाचे सचिव तेच, यंत्र दान दिलं तेही त्यांनीच. बटन दाबलं की नगारा, झांज आणि घंटा तिन्ही एकदम असे सुटतात की जणू गल्लीत आगीचा बंब शिरला. "आरती सात बजे, मतलब सात बजे!" बुवांनी निमूटपणे चिपळ्या खाली ठेवल्या. होडी राहिली तिथेच.

बाईंनी बुवांना फोन करून पाहिला. "पोहोचली का हो ती बिचारी?"

"बाई, कीर्तन काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? पुढच्या वर्षी तिथूनच उचलतो."

म्हणून यंदा उत्सवाच्या आठ दिवस आधी बाईंनी पॉलिटेक्निकात शिकणाऱ्या नातीला, स्नेहलला, गाठलं.

"पोट्टे, मले ते यंत्र हळू करून दे."

"धीमा क्यों, आजी? बंद ही कर देते हैं ना."

"बंद केलं तर पाप लागते. हळू केलं तर नाही लागत."

हा निकाल बाईंनी कुठल्या पोथीतून काढला, ते स्नेहलने विचारलं नाही.

यंत्र पुसायचं काम बाईंकडेच होतं. दुपारी देऊळ रिकामं पाहून दोघी गेल्या. स्नेहलने आधी मोटरला जाणारी वीजच कमी करून पाहिली. नगाऱ्याची काठी अर्ध्यावर उचलली गेली, थरथरली आणि तिथेच थांबली. मोटर नुसती कण्हू लागली.

"हिच्यात जीवच नाही उरला वं."

"वही तो. ताकत ही कम कर दी ना हमने."

मग तिने काडेपेटीएवढं एक सर्किट काढलं. ते वीज पातळ करत नाही. पूर्ण देतं, पूर्ण तोडतं, एका सेकंदात हजारो वेळा. चालूचा तुकडा लांब ठेवला तर मोटर पळते, आखूड ठेवला तर सावकाश फिरते. पण जो रेटा बसतो तो पुऱ्या ताकदीचा.

बाईंना हे लगेच पटलं. "म्हणजे आपल्या बुवांसारखं. ते काय अर्ध्या गळ्यानं गातात? गातात तेव्हा पुऱ्या गळ्यानं, अन् मधीमधी थांबतात."

"हव आजी, बिलकुल वही!"

तुकडा लांब-आखूड करायला एक फिरवायचं बटन होतं. ते बसवलं बाईंच्या वातींच्या डब्यात. वायर सतरंजीखालून खांबाजवळच्या त्यांच्या जागेपर्यंत आली. बाईंनी देवापुढे नाक घासलं. "दत्तात्रेया, मी काही थांबवून नाही राहिली. फक्त हळू करून राहिली."

कीर्तनाचा दिवस आला. बुवांनी शब्द पाळला. होडी मधोमध घेऊनच ते उत्तररंगात उतरले. नावाडणीचं वल्हं हातातून निसटायला लागलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. हिरालालने बटन दाबलं.

धम्म... झण्ण... टण्ण...

सगळं देऊळ यंत्राकडे बघू लागलं. धम्म... झण्ण... टण्ण... बुवांनी डोळे मिटून दोन आवर्तनं ऐकली. मग चिपळ्या उचलल्या. "ऐका! ऐका, वल्हं पडतंय!" आणि त्याच ठेक्यावर त्यांनी नामाचा गजर धरला. तबलेवाला त्यात शिरला, पेटी शिरली, बायकांच्या टाळ्या शिरल्या.

हिरालालने बटन दोनदा चाचपलं, यंत्राच्या मागे वाकून पाहिलं. तिथे त्याला एक नवी वायर दिसली. सतरंजी चाचपत तो ओणव्याने निघाला तो थेट बाईंच्या मांडीपाशी पोहोचला.

"काकी, ये क्या है?"

"वाती."

"वाती में वायर?"

बाईंनी डब्यातलं बटन मुठीत धरलं. आता हा वायर उपटणार आणि होडी पुन्हा वर्षभर पाण्यात! पण नेमकं तेव्हाच बुवांनी आवाज खाली आणला. पाणी काठाच्या वर चढलं होतं, लेकरू रांगत धारेकडे निघालं होतं. हिरालाल तसाच उकिडवा बसून राहिला.

"काकी," तो कुजबुजला, "बच्चा बचेगा ना?"

"मले काय माहीत! मागच्या साली तुम्हीच तर तिले मधात सोडलं, भैया."

हिरालालने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा बुवांकडे. मग डब्यात हात घातला. "तो तेज करो ना, काकी! ऐसे में कब पहुंचेगी वो?"

धम्म-झण्ण-टण्ण, धम्म-झण्ण-टण्ण! बुवा नाचायला लागले, घामाने चिंब झाले. बायका रडत रडत टाळ्या पिटत होत्या. होडी काठाला लागली, नावाडणीने लेकरू उचललं, वळून पाहते तर होडीत फकीर नाही. नुसती एक झोळी. हिरालालने डोळे पुसले आणि हळूहळू, स्वतःच्या हाताने, ठेका खाली आणला.

घड्याळात पावणेआठ झाले होते. बाईंनी डबा पदराखाली सरकवला आणि बोलणी खायला मान खाली घातली. हिरालालने स्टूल ओढलं, वर चढला, घड्याळाचे काटे फिरवून बरोबर सातवर आणले आणि खाली उतरला.

"आरती सात बजे," तो म्हणाला, "मतलब सात बजे. काकी, डब्बा इधर लाओ."