अत्तर लावून शिकारीला

रानडुकरांच्या शिकारीला अत्तर लावून जाणारा मी जगातला पहिलाच शहाणा असेन. पण मी पडलो सलूनवाला, आणि त्या रात्री मला लग्नाचं विचारायचं होतं. मग काय अंगाला डिझेल फासून जायचं?

विचारायचं होतं बागायतदाराच्या मुलीला. बंदुकीचा परवाना तिच्याकडे, नेम तर असा की विचारू नका. डुकरांचा बंदोबस्त करणाऱ्या एका पथकात तिला नोकरी चालून आली होती, तीही लांब. "जाऊ की नको ते उद्या सकाळी कळवायचंय," असं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली होती. तिच्या वडिलांची दाढी मीच करतो. वस्तरा त्यांच्या गळ्याशी आणि घाम मला, त्यामुळे तिथे विषय निघणं शक्यच नव्हतं. म्हटलं, आज मचाणावरच सोक्षमोक्ष लावू.

मचाणावर तोंड उघडायचं नसतं, हे मला वर चढल्यावर कळलं.

बराच वेळ मका हललाच नाही. वारा फिरला होता आणि आमच्याकडून थेट ओढ्याकडे वाहत होता. रात्रीच्या दुर्बिणीत डुकरांची ऊबदार अंगं पांढरी दिसतात. अख्खा कळप ओढ्याच्या अलीकडे, मक्याच्या कडेला नाकं वर करून उभा होता. तिनं दुर्बीण खाली ठेवली आणि मला हुंगलं.

"अरे, हे काय थापून आलायस?"

"थोडंसंच लावलंय गं."

"थोडंसं? तिथली डुकरं शिंकायची बाकी राहिलीत!"

मचाणाच्या कोपऱ्यात बसलेले तिचे वडील तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मग त्यांनीच डोकं चालवलं. "याला इथेच ठेवू. आपण वळसा घालून ओढ्यापलीकडे बसू. याचा वास मागे लागला की कळप आपल्या पायांनी आपल्याकडे येतो."

"काका, आणि गोळी मला लागली तर?"

"ओढ्याच्या उताराकडे मारणार मी," ती म्हणाली. "तू फक्त खाली उतरू नकोस. आणि शर्ट काढून हलव."

तिनं माझ्या हातात वॉकीटॉकी दिला. आसपासचे सगळे शेतकरी डुकरांपायी त्याच चॅनेलवर जागे असतात. मी उघडा होऊन शर्ट गरागरा फिरवू लागलो. थंडीनं दात वाजत होते, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता. एकदम मका खळाखळा हलला, कळप पलीकडे धावला आणि धाड धाड बार उडाले.

"जमलं!" यंत्रातून तिचा आवाज आला. "निम्मा कळप आडवा! तुझ्यामुळे रे!"

मग मात्र मला राहवेना. मी बटण दाबलं आणि सुटलोच. "लग्न करशील का माझ्याशी? नोकरी सोडू नकोस. केस काय, सगळीकडेच वाढतात, मी तिकडे दुकान टाकतो. काका, रागावू नका. तू काही बोलत का नाहीस? नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण बोल गं!"

पलीकडून चकार शब्द नाही. तरी मी बडबडतच होतो. इतक्यात शिडी धडधडली आणि चिखलानं माखलेली ती वर आली.

"बटण सोड आधी!" तिनं माझा अंगठाच उचकटला. "ते दाबून धरलं की समोरच्याचं ऐकू येत नाही, वेड्या! अख्ख्या मक्यातून ओरडत आलेय मी, हो, हो, हो!"

बटण सुटलं तसं सगळ्या शिवाराचं हसू यंत्रातून बाहेर पडलं, आणि त्या गलक्यात ओढ्यापलीकडेच राहिलेले तिचे वडील जीव तोडून विचारत होते, "अरे, कुणी सांगेल का मला? काय म्हणाली माझी पोरगी?"