नानांचं नाव

"साहेब, तोताराम नानांचं कॉम्प्युटरवरचं खातं आज काढून टाकू नका," सुलक्षणा म्हणाली.

योगेंद्र साहेब जळगावच्या या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात नवेच होते. "का?"

"आज त्यांचा दहावा आहे."

साहेब हसले. खरं कारण तिच्या ओठांवर येऊन परत गेलं.

दवाखान्यातल्या सगळ्यांची नावं आणि पासवर्ड एका सर्व्हरवर असत. नानांनी लिहिलेला रक्तपेढीचा प्रोग्रॅम उघडला की तो सर्व्हरला विचारी, हा माणूस आपला का? पण विचारायला आधी प्रोग्रॅमलाच आत शिरावं लागे, आणि त्यासाठी नानांनी कोडमध्ये चक्क स्वतःचंच नाव नि पासवर्ड लिहून ठेवले होते. ते खातं गेलं की प्रोग्रॅम कुणालाच आत घेणार नव्हता. प्रोग्रॅमसाठी वेगळं खातं उघडा म्हटलं तर म्हणायचे, "मी कुठं पळून चाललोय?" करू करू म्हणता नाना धडधाकट असताना गेले. ज्यांनी तिला हाताला धरून काम शिकवलं, त्यांची चूक त्यांच्या दहाव्यालाच चव्हाट्यावर कशी मांडायची? गुपचूप बदलून टाकू, म्हणून ती सकाळपासून कोडला भिडली होती.

तेवढ्यात भडगावहून फोन आला. कमलबाई, नानांची बायको, गिरणा नदीच्या काठावरून बोलत होती.

"कावळा शिवत नही, माय. पोरंस्नं, घरनं, बठ्ठं सांगी दिधं, तरी नही. त्यास्ना जीव कशामा अडकेल शे?"

सुलक्षणाने कोड तसाच सोडला. ती फोन घेऊन व्हरांड्यात आली. "काकू, फोन पिंडाजवळ धरा," ती म्हणाली आणि हळू आवाजात बोलली, "नाना, तुमचं राहिलेलं काम मी करते. काळजी करू नका."

 मग फोनवर पलीकडे गलका झाला.

मागे पावलं वाजली म्हणून ती वळली तर रक्तपेढीतला नासीर धावत येत होता. "ताई, प्रोग्रॅम किसी को अंदर नहीं ले रहा. चाळीसगावची बाळंतीण टेबलावर आहे, रक्त थांबत नाहीये. पिशव्या आहेत, पण तिच्या रक्ताशी जुळवलेली कोणती ते दिसत नाही."

तिने आत धाव घेतली. साहेब खुर्चीत शांत बसले होते. "नानांचं खातं काढून टाकलं मी. दहाव्याला मोकळं केलेलं बरं, नाही का?"

तिने नानांचं नाव टाकून पाहिलं. अशी व्यक्ती नाही, असं उत्तर आलं. त्याच नावाचं खातं पुन्हा उघडून सगळं नीट बसवायला तासभर तरी लागणार होता, आणि बाळंतिणीजवळ तेवढा वेळ होता की नाही कोण जाणे. खरं कारण तेव्हाच सांगितलं असतं तर!

हातातला फोन अजून चालू होता.

"शिवना वं माय," पिंडाला कावळा शिवल्याचं कमलबाई रडत सांगत होती. "सुटनात त्या."