उपवासाला रिकामा होणारा डबा

“आधी नको ते काढून ठेव. मग उरलंय ते बघ. उपवासाला हा क्रम चुकवू नकोस गं, सुप्रभा.”

रेखाताईंचा, म्हणजे सुप्रभाच्या सासूबाईंचा, हा मऊ आवाज अजून माझ्या झाकणाखाली घुमतो. मित्रांनो, मी एक जुना पितळी मिसळणाचा डबा आहे. पुण्याच्या तांबट आळीत ठोके खाऊन मी गोल झालो आणि सुप्रभाच्या सामानातून जपानला, ग्योतोकुच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये आलो.

तिथे प्लास्टिकच्या बरण्या आल्या आणि मी कपाटावर गेलो. एकदा तर तिच्या मुलाने, अद्वयने, मला न जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत घातलं.

“आई, इट्स सो ओल्ड!”

“मी म्हातारी झाले की मलाही घालशील का रे त्या पिशवीत?” सुप्रभा हसली. तिने मला चिंचेने घासलं आणि पुन्हा ओट्यावर ठेवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पुढे कावासाकीच्या एका कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. त्या कंपनीतल्या ओजस नावाच्या तरुणाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याची नक्कल आहे, असा आरोप होता. अमेरिकेत असा खटला साध्या माणसांची ज्यूरी ठरवते. म्हणून वकिलांनी कावासाकीतच इंग्रजी जाणणाऱ्यांची सरावाची ज्यूरी बसवली. सुप्रभा तीत होती. या ज्यूरीने ‘नक्कल’ म्हटलं, तर कंपनी लढणार नव्हती आणि ओजसवर चोरीचा शिक्का बसणार होता.

पहिल्या दिवशी ती डोकं धरूनच घरी आली.

“अहो, ज्यूरीला दिलेल्या सूचनांचं एकेक वाक्य पानभर! शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते.”

“मग काय केलंत सगळ्यांनी?” तिच्या नवऱ्याने, नरेंद्रने, विचारलं.

“माना डोलावल्या. दोन्ही स्क्रीन सारख्या दिसतात, म्हणजे नक्कल, असं ठरतच आलंय. मी म्हटलं, उद्या सांगते.”

“तूही डोलव आणि ये घरी. एवढं काय त्यात!”

“न समजता? कुणाच्या तरी लेकराचं नाव जाईल हो.”

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. पूजा आटोपून तिने मला उघडलं. मोहरी काढली, हळद काढली आणि तिचा हात थबकला. तिने वाट्या परत ठेवल्या, मला जपानी रुमालात बांधलं आणि गाडी पकडली.

ज्यूरीच्या खोलीत तिने मला टेबलावर मांडलं. “तारखा लावणं, नावांची यादी करणं हे सगळ्याच प्रोग्रॅमना करावं लागतं. ते कुणा एकाचं नाही. म्हणजे ही मोहरी, ही हळद. ती आधी बाहेर. काल आपण काही काढलंच नाही. अख्ख्या डब्याशी अख्खा डबा ताडून पाहिला.”

निवृत्त शिक्षिका साकामोतो-सान यांनी जिऱ्यावर बोट ठेवलं. “सुप्रभा-सान, हे आत की बाहेर?”

“आमच्याकडे आत. आमच्या शेजारणीकडे बाहेर!”

सगळे हसले. “मग आपलंही भांडण होणार,” साकामोतो-सान म्हणाल्या. “विचारूनच घेऊ या.”

त्यांनी या सरावात न्यायाधीशाचं काम करणाऱ्या वकिलाला चिठ्ठी पाठवली: काय आत आणि काय बाहेर, ते सोप्या वाक्यांत सांगा. त्याने स्वतःचं वाक्य मोठ्याने वाचायला घेतलं, मध्येच त्याला दम लागला. तो ओशाळून हसला आणि सूचना नव्याने लिहून दिल्या. मग ज्यूरीने एकेक गोष्ट बाजूला काढली. जे उरलं, ते दोन्हींकडे वेगळं होतं. नक्कल नव्हती.

बाहेर ओजस उभा होता. “काकू, थँक्यू,” तो म्हणाला.

“मला नको, याला म्हण,” सुप्रभाने मला पुढे केलं. पोराने खरंच हात जोडले!

“नागोयाला दुसरी ज्यूरी बसणार आहे,” वकील म्हणाला. “त्यांनाही हा डबा दाखवाल?”

“येईन,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या भांड्याला धुऊन कोरडं पुसत जा, कल्हई उडाली तर लावून घ्या. आणि समजलं नाही, तर मान डोलावू नका, विचारा. मला सांभाळणाऱ्या हातांनी मला एवढं शिकवलं.

आज पहाटे सुप्रभाने देवापुढे निरांजन लावलं. मला रुमालात बांधलं, अद्वयचं पांघरूण सारखं केलं आणि आवाज न करता दार ओढून ती नागोयाला निघाली.