मान वळवायची नाही

सहा महिने संपले आणि माझं शिकाऊ लायसन्सही संपलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे नसीरनी, मला पक्क्या परीक्षेला जाऊच दिलं नाही. "आधी इंडिकेटर द्यायला शीक, हुमेरा," हे एकच पालुपद. म्हणून रविवारी सकाळी तुंगार्लीच्या घरी मी मोबाइलपुढे बसून शिकाऊची परीक्षा पुन्हा देत होते. कॅमेऱ्यासमोरून मान वळली की परीक्षा रद्द. मागच्या खेपेला कुकरच्या शिट्टीला वळून बघितलं आणि सगळं मुसळ केरात गेलं होतं.

बाराव्या प्रश्नाला पाठीमागे काहीतरी फुटलं. हे कपबशा फोडतातच. मी मनात चरफडले, पण मान वळवली नाही. आणखी दोन प्रश्न सोडवले. मग कण्हणं ऐकू आलं.

हे फरशीवर बसले होते. शर्ट घामाने चिंब, हात छातीवर. परीक्षा तशीच सोडून मी फोन लावायला लागले. रविवारचे पर्यटक, रस्ते तुंबलेले. रिक्षावाला फोन उचलेना, अ‍ॅम्ब्युलन्सला पाऊण तास लागणार होता. शेवटी ह्यांनीच गाडीच्या चावीकडे बोट दाखवलं.

"अहो, माझं लायसन्स संपलंय!"

"माझं आहे ना. शेजारी बसतो."

"क्लच हळू सोड... हळू," हे पुटपुटत होते. सहा महिने मला ह्या बोलण्याचा वीट आला होता. बाजारापाशी ते बोलणं थांबलं. पुढे बस, मागे हॉर्न, आणि शेजारून आवाज नाही. मान वळवून बघायची मला भीती वाटत होती, इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

"बोला ना काहीतरी!"

मग हॉस्पिटलच्या फाटकात मी मुद्दाम इंडिकेटर न देता गाडी वळवली. ह्या चुकीला हे झोपेतूनही उठून ओरडले असते.

काहीच नाही.

माणसं धावत आली, ह्यांना स्ट्रेचरवर घेतलं. मी हात धरून पळत होते. डोळे मिटलेलेच, पण ओठ हलले.

"इंडिकेटर... कोण देणार?"

मी तिथेच भोकाड पसरलं.

परवा पुन्हा परीक्षा दिली. ह्यांना आधी मोबाइलच्या पलीकडे, माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं. "इथे कशाला?" त्यांनी विचारलं. त्या दोन प्रश्नांचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.