फुटलेला सतरा नंबर

मी सतरा नंबरचा टॅब बोलतोय. हो हो, तोच, काचेला आडवा तडा गेलेला. एकदा नीट बघून घ्या आणि मग ते चुकचुकणं बंद करा. मला कुणाची कीव नकोय. या खोक्यात माझ्याबरोबर आणखी छत्तीस जण पडलेत, एकाच्याही अंगावर ओरखडा नाही. कीव करायचीच असेल तर त्यांची करा.

आम्ही चाळीस जण एकाच दिवशी शाळेत आलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, स्वतःच्या हाताने एकेकाच्या पाठीवर नंबर चिकटवला. मला वाटलं, चला, आता पोरांच्या हातात जायचं. कसलं काय! फोटो संपले आणि आमची वरात थेट मोठ्या सरांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेली. किल्ली त्यांच्या खिशात.

त्यांना तरी कशाला नावं ठेवू? जिल्ह्यातल्या कुठल्या शाळेला कोणती यंत्रं द्यायची, किती आणि कधी, हे ठरवणारे एक साहेब होते. सदा काखेत तक्त्यांची गुंडाळी, म्हणून शिक्षक त्यांना मागून तक्तेसाहेब म्हणायचे. आमच्याबरोबर त्यांचा एक कागद आला होता. ‘टॅब सुस्थितीत ठेवावेत. मोडतोड झाल्यास ज्याच्या ताब्यात टॅब असेल त्याने लेखी खुलासा द्यावा.’ आणि दर वर्षी एक फॉर्म यायचा. त्यात एकच प्रश्न: किती टॅब सुस्थितीत आहेत? जी शाळा चाळीसपैकी चाळीस लिहील तिचा नंबर वर, नवी यंत्रं आधी तिला. मग काय, सगळ्या शाळांनी कपाटं घेतली. झाकली मूठ सव्वा लाखाची! साहेब कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि शेळ्या मुकाट्याने कपाटात बसल्या होत्या.

पहिलं वर्ष असंच अंधारात गेलं. फॉर्म आला की मोठे सर दार उघडायचे, बोटाने मोजायचे, “चाळीस!” म्हणायचे आणि दार लावायचे. मोजायला आम्हाला चालू करायची गरज कुणाला पडते?

मग विज्ञानाच्या बाई आल्या. बदली होऊन आल्या आणि तिसऱ्याच दिवशी मोठ्या सरांसमोर उभ्या राहिल्या. “सर, टॅब हवेत वर्गात.”

“बाई, तुम्ही नव्या आहात. फुटला तर?”

“फुटला तर फुटला.”

“असं कसं? खुलासा कोण देणार?”

“मी देईन की! चाळीस नका देऊ, एक द्या. माझ्या सहीवर द्या.”

मोठ्या सरांचा हात खिशातून बाहेर यायला पूर्ण आठवडा लागला. शेवटी त्यांनी कपाटात हात घातला आणि जो हाताला लागला तो काढला. तो मी. नशीब म्हणतात ते हेच. शिपाईमामांनी माझ्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा ओढून काढला, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अंगाला वारा लागला.

आणि मग काय सांगू! एक मी आणि चौतीस पोरं. कुणाच्या बोटाला शाई, कुणाच्या बोटाला खडू, एकाच्या बोटाला तर नेहमी काहीतरी चिकटच. बाईंनी एका कुंडीत वाल पेरायला लावला आणि रोज मधल्या सुट्टीच्या वेळेला माझ्याकडून त्याचा एक फोटो काढायला लावला. रोज म्हणजे रोज, रविवारीसुद्धा शिपाईमामा येऊन काढायचे आणि कुरकुरायचे, “मातीचे फोटो काढायला माणूस ठेवलाय मला!” एकवीस दिवसांनी बाईंनी ते सगळे फोटो भराभर पळवले. माती हलली, कोंब मान वाकवून बाहेर आला, आळस दिल्यासारखा ताठ झाला आणि त्याने दोन पानं उघडली. वर्ग ओरडला, “उठला! उठला!” शिपाईमामा दारात उभे होते. म्हणाले, “परत लावा बरं.” सात वेळा लावलं त्या दिवशी.

मी तीन वर्षं राबलो. मुंग्यांची रांग मोजली, नळाची गळती टिपली, वर्गातला गोंगाट मोजून बाईंनाच दाखवला की सगळ्यात मोठा आवाज त्यांचा आहे.

मग तो दिवस. खिडकीच्या वर चिमणीने घरटं केलं होतं. चष्मेवाली म्हणून एक मुलगी होती, वर्गातली सगळ्यात सावध पोर. ती बाकावर चढली आणि मला वर धरून आतली पिल्लं दाखवायला लागली. बाक डगमगला. ती वाचली, मी फरशीवर तोंडावर आपटलो. बाई धावत आल्या, पण माझ्याकडे नाही. मुलीचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. “कुठे लागलं नाही ना गं?” मग मला उचललं आणि म्हणाल्या, “पिल्लं दिसली का पण?” तडा गेलेल्या काचेआड तीन पिल्लं चोची वासून बसली होती. मी दाखवत होतोच! काच फुटली होती, मी नाही.

पण फॉर्ममध्ये चाळीसपैकी एकोणचाळीस लिहावं लागलं, आणि आठवड्यात तक्तेसाहेब हजर. त्यांनी पुढच्या तीन वर्षांचा सगळ्या जिल्ह्याचा आराखडा तयार केला होता, निळ्या पुठ्ठ्याचा, जाडजूड. तो मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवून त्यांनी एक छापील कागद बाईंच्या पुढे सरकवला. ‘सदर टॅब माझ्या हलगर्जीपणामुळे फुटला.’ खाली सहीची जागा.

“सही करा बाई,” साहेब म्हणाले. “तुमच्या सेवापुस्तकात लागेल, पण शाळा नव्या यंत्रांच्या यादीत राहील. आणि यापुढे टॅब वर्गात नको.”

मी टेबलावर पालथा पडलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! तीन वर्षं राबलेल्या बाईंवर ठपका, आणि सही झाली की कपाट कायमचं बंद. मग पुन्हा कोणती बाई कशाला हात लावेल? मला तोंड असतं ना, त्या साहेबांची खरडपट्टी काढली असती.

बाईंनी पेन उचललं नाही. “साहेब, करते सही. आधी बाकीचे एकोणचाळीस चालू करून दाखवा.”

“त्याची काय गरज? सुस्थितीत आहेत ते.”

“मग तर प्रश्नच नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

मोठे सर घाम पुसायला लागले. किल्ली निघाली. शिपाईमामांनी माझ्या भावंडांना ओळीने टेबलावर मांडलं. साहेबांनी पहिल्याचं बटण दाबलं. काही नाही. दुसऱ्याचं दाबलं. काही नाही. दहाव्यानंतर त्यांनी चार्जर मागवले. सगळ्यांना तारा जोडल्या, तासभर वाट पाहिली. अकरा जणांच्या पाठी फुगून उचलल्या होत्या, त्यांना मामांनी भीत भीत बाहेर नेऊन ठेवलं. बाकीचे काळेठिक्कर. फक्त तीन उजळले, आणि तिघांनी एकच विचारलं: ‘भाषा निवडा.’ चार वर्षं झाली होती, आणि भावंडांनी अजून डोळेसुद्धा उघडले नव्हते.

मग बाईंनी मला सुलटं केलं. बोट लावलं. वालाचा कोंब तड्याच्या अलीकडून उठला आणि तड्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. साहेबांनी चष्मा पुसला. “परत लावता?”

बघून झाल्यावर ते मोठ्या सरांकडे वळले. आवाज चढला होता. “चार वर्षांत तुम्ही हे एकदाही उघडले नाहीत?”

मोठे सर कधी उलट बोलणारे नव्हेत. त्या दिवशी बोलले. “साहेब, तुम्ही दर वर्षी विचारलंत, किती चांगले आहेत. मी दर वर्षी सांगितलं. पोरं त्यावर काय करतात, हे तुम्ही कधी विचारलंत?”

मला वाटलं, आता साहेब भडकणार. त्यांनी तो छापील कागद स्वतःकडे ओढला, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ एवढंच ठेवलं, बाकीचं खोडलं आणि पुढे लिहिलं: ‘एकोणचाळीस टॅब वाया गेले. प्रश्न मी चुकीचा विचारला.’ खाली स्वतःची सही केली.

मोठे सर घाबरले. “अहो साहेब, हा खुलासा तुम्ही देणार कुणाला?”

“वर पाठवीन. आधी बाईंना देतो.”

कागद बाईंच्या हातात आला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि पदर डोळ्यांना लावला. इतका वेळ खंबीर उभी राहिलेली बाई, तिथे रडली.

साहेबांनी निळा आराखडा परत नेला आणि दोन महिन्यांनी पातळ करून आणला. टॅब मुख्याध्यापकांच्या नाही, वर्गाच्या ताब्यात. फुटेल ते फुटेल, दुरुस्तीवाला महिन्याला येईल. आणि शेवटचं कलम तर मोठ्या सरांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: ‘ज्या शाळेत वर्षभरात एकही टॅब फुटणार नाही, तिथे मी स्वतः चौकशीला येईन.’

माझा अर्धा पडदा आता बोटाला दाद देत नाही, दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. उद्या हे खोकं मोडीत जाईल. चष्मेवाली काल येऊन खोक्याशी उभी राहिली, हळूच “सॉरी” म्हणाली. अगं वेडे, सॉरी कसलं? माझ्याबरोबर जाणाऱ्या या छत्तीस जणांना विचार, तुझ्या हातून पडायला मिळालं असतं तर त्यांनी काय दिलं असतं!

पुढच्या आठवड्यात नवे येतायत. पोरांनो, त्यांना जपा, पण जपून ठेवू नका. बाकावर चढा, घरट्यात डोकवा. आणि पडला एखादा, तर पडू दे. मी सांगतो, काही होत नाही.