तळ्यातला थांबा

मात्सुएच्या शिंजी तळ्यात उतरणारी बस सुरू होणार होती. रस्त्यावर ती बस, पाण्यात शिरली की होडी. तिच्यातल्या सूचनांचा प्रोग्राम तामाकी नागिसाने पायथन भाषेत लिहिला होता. तिच्या कंपनीकडे साध्या बसचा आणि साध्या होडीचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, तयार होताच. नागिसाने त्या दोघांना आईबाप करून नवा क्लास जन्माला घातला. वारशाने सगळे गुण आयते मिळाले, म्हणून ती खूश होती.

पहिल्या चाचणीला ज्येष्ठ मंडळातल्या आज्या-आजोबांना बसवलं. बस उतारावरून धप्पकन तळ्यात शिरली आणि गोड आवाज आला, "पुढचा थांबा, देऊळ. उतरणाऱ्यांनी बेल दाबावी."

एका आजींनी खरंच बेल दाबली.

"आजी, इथे उतरणार?" चालकाने विचारलं.

"का नाही? शिंपल्या वेचीन. रात्रीच्या सूपची सोय होईल!"

सगळी बस खो-खो हसली. नागिसा मात्र लाजेने लालबुंद झाली.

ऑफिसात आल्यावर तिला चूक सापडली. 'सूचना' नावाचं काम बसकडेही होतं आणि होडीकडेही. पायथन आधी लिहिलेल्या नावाचं ऐकतं, आणि तिने आधी बस लिहिली होती.

शेजारच्या टेबलावरचा इतोहारा रूबी भाषेत प्रोग्राम लिहिणारा. रूबीचा जन्म जपानातला, त्यामुळे त्याची मान नेहमीच ताठ. "आमच्यात पालक एकच," तो म्हणाला. "बाकीचे गुण वरून मिसळायचे. भांडणच नाही."

"आणि मिसळलेल्या दोघांत एकाच नावाचं काम निघालं तर?"

"शेवटी मिसळलेला जिंकतो."

"म्हणजे होडी शेवटी मिसळली की तुझी बस भर रस्त्यात लाइफ जॅकेट घालायला लावणार!"

इतोहाराने चहाचा कप तोंडाला लावला.

ऑफिसातले सगळ्यात ज्येष्ठ मोरिवाकी-सान इतका वेळ ऐकत होते. सगळी नोकरी त्यांनी सी प्लस प्लसमध्ये काढलेली. "आमची भाषा खडूस," ते म्हणाले. "सूचना कुणाची, बसची की होडीची, ते सांगितल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकूच देत नाही."

"मग तीच बरी की!"

"ऐक तर. बस आणि होडी, दोघांचा मूळपुरुष एकच, 'वाहन'. तो दोघांत मिळून एकच धरायचा, हे मी एकदा असाच प्रोग्राम लिहिताना सांगायला विसरलो. झाले दोन आजोबा! डिझेल भरलं एकाच्या टाकीत, इंजिन बघतंय दुसऱ्याच्या. पडद्यावरची होडी जागची हलेना आणि मी दिवसभर इंजिनाला शिव्या देतोय."

नागिसा पोट धरून हसली. मग खुर्ची ओढून कामाला लागली. नव्या क्लासला तिने पालक एकच ठेवला, वाहन. बस आणि होडी त्या क्लासच्या आत सुटे भाग म्हणून बसवल्या. चाकं जमिनीवर असली की बसने बोलायचं, पाण्यात गेली की होडीने.

मोरिवाकी-सान चष्मा वर करून म्हणाले, "अगं, आईबापांना घराबाहेर काढलंस की!"

"छे! आजोबांचा वारसा ठेवलाय. आईबापांना पाळीपाळीने कामाला लावलंय."

"माझ्या घरी हे बोलू नकोस," इतोहारा म्हणाला. "बायकोला लगेच पटेल."

पुढच्या चाचणीला तिघंही बसमध्ये होते. पाणी खिडकीपर्यंत उसळलं आणि आवाज आला, "आता आपण तळ्यात आहोत. कृपया लाइफ जॅकेट घालावं." टाळ्यांचा कडकडाट झाला. नागिसा आभार मानायला उभी राहून वाकली, तेवढ्यात बस हेलकावली आणि इतोहाराच्या हातातला सॉस लावलेला डांगो, तांदळाच्या पिठाचा गोड गोळा, थेट तिच्या बाहीला चिकटला.

"ए, माझा शेवटचा होता तो!"

नागिसाने तो काढून सरळ तोंडात टाकला. "मस्त आहे. कुठून आणलास?"